सहा निघाले: मुंबईचे सायकलस्वार व इटलीचीं पथकें

शर्यतीची बातमी वाचतांना आपली नजर प्रथम पहिल्या नांवावर जाते. दुसरें नांव कोणी वाचतो, कोणी वाचीत नाहीं; आणि जो अर्ध्या वाटेवर थांबला त्याचें नांव तर बहुधा छापलेंच जात नाहीं. एकट्यानें धांवावयाच्या शर्यतींत हें एक वेळ चालेल. परंतु जेथें अनेकांनीं मिळून एक काम अंगावर घेतलें, तेथें यशाचा हिशेब कसा मांडावयाचा? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असें एक प्रकरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे, व तें तुम्हांस ठाऊक असावें म्हणून हा लेख.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमान कापडिया हीं त्यांचीं नांवें. वयें वीस ते चोवीस यांच्या दरम्यान. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद होते; म्हणजे अंगांत बळ होतें, आणि एकमेकांच्या बळाची माहितीही होती. युरोपांतून हिंदुस्थानापर्यंत पायीं चालत आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचें व्याख्यान त्यांनीं १९२० सालीं मुंबईच्या ओव्हल मैदानावर ऐकलें होतें, आणि तेथेंच ह्या बेताचें बीज पडलें. बीज पडल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत तीन वर्षें गेलीं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका संध्याकाळच्या उत्साहानें जो बेत ठरतो तो दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

१८ मार्च १९२८ रोजीं हें पथक मुंबईस परत आलें, तेव्हां त्यांत तिघेच होते: हकीम, बापासोला व भूमगरा. सुमारें ७१,००० किलोमीटर रस्ता त्यांच्या चाकांखालून गेला होता. ह्या तिघांनीं आपल्या प्रवासाचें इंग्रजी पुस्तक लिहिलें. तें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें व त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली. पुस्तकावर तिघांचीं नांवें असणें स्वाभाविक आहे, कारण लिहिणारे तेच. परंतु तेव्हांपासून ही हकीकत सांगतांना पुष्कळदां तिघांचीच सांगितली जाते. आणि उरलेले तिघे कोण, असें विचारलें म्हणजे सांगणारा घुटमळतो. हें योग्य आहे काय?

उत्तर देण्यापूर्वीं दुसऱ्या एका देशाचा हिशेब पाहूं. सायकल चालविणें हा पोटाचा धंदा, आणि पथक ही त्या धंद्याची रीतसर संस्था, असें ज्या देशांत फार लवकर झालें त्यांत इटलीची गणना करावी लागते. पथक म्हणजे काय ह्याचा विचार तेथें शंभराहून अधिक वर्षें चालला आहे, आणि तो पुस्तकांत नव्हे, तर रस्त्यावर चालला आहे.

प्रथम, सायकलच्या शर्यतीस पथक लागतेंच कशाला? धांवण्याच्या शर्यतींत लागत नाहीं. मग येथेंच कां? ह्याचें उत्तर तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे, फक्त तें ठाऊक आहे हें ठाऊक नाहीं. जिंतूर किंवा पाथरीच्या रस्त्यानें उन्हाळ्यांत तिसऱ्या प्रहरीं समोरच्या वाऱ्यांत दोघे मित्र सायकलींवरून येत असतां जो मागें राहतो त्यास पॅडल हलकें लागतें. पुढचा मनुष्य वारा फोडतो व मागचा त्या फुटलेल्या वाऱ्यांत सुखानें चालतो. वारा पडलेला असला तरीही वेगानें जाणाऱ्यास हवा ही भिंतीसारखीच असते. वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध चौपट होतो, हा पदार्थविज्ञानांतील नियम तुम्हीं वरच्या वर्गांत शिकालच. शर्यतीच्या वेगानें सपाट रस्त्यावर जातांना स्वाराचे बहुतेक श्रम हवेशीं झगडण्यांतच खर्च होतात, व दुसऱ्याच्या अगदीं मागें लागून चालल्यास सुमारें चौथा हिस्सा, कधीं तिसरा हिस्सा श्रम वांचतात. (मालमोटारीच्या मागें लागून हा प्रयोग कोणीं करूं नये. तेथें श्रम वांचतात, परंतु दुसरें कांहीं वांचेलच अशी खात्री नाहीं.)

आतां तुम्हीच विचार करा. चार तास कोणीतरी पुढें राहून वारा फोडला, आणि शेवटच्या अर्ध्या तासांत मागचा ताज्या पायांनीं पुढें निघून गेला, तर जिंकला कोण? पंचाच्या वहींत उत्तर एक आहे. रस्त्यावर उत्तर दुसरें आहे. ह्या दोन उत्तरांमधील अंतर म्हणजेच सायकल-पथकाचा इतिहास.

इटलीची प्रदक्षिणा करणारी ‘जिरो दि इटालिया’ ही मोठी शर्यत ‘गॅझेट्टा देल्लो स्पोर्ट’ ह्या वृत्तपत्रानें १९०९ सालीं सुरू केली. १३ मे रोजीं पहांटेच्या अंधारांत मिलान शहरांतून १२७ स्वार निघाले. आठ टप्पे, एकंदर २,४४८ किलोमीटर. म्हणजे एका टप्प्यास सरासरी तीनशें किलोमीटरांहून अधिक. रस्ते मातीचे व खडीचे. शेवटपर्यंत ४९ पोंचले. पहिला आला लुईजी गान्ना. हा मूळचा गवंडी. कामावर जाण्यायेण्यासाठीं रोज सायकलनें लांबचा पल्ला मारण्याची त्यास संवय होती. जिंकल्यावर कसें वाटतें, असें वृत्तपत्रवाल्यांनीं विचारलें असतां त्यानें शरीराच्या ज्या भागाच्या आगीविषयीं उत्तर दिलें, तें शाळेच्या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. परंतु तीनशें किलोमीटर खोगिरावर बसलेल्या मनुष्याचें तें अगदीं प्रामाणिक उत्तर होतें.

गान्ना हा ‘आताला’ नांवाच्या सायकल-कारखान्याच्या पथकांतला. त्या काळीं सायकली विकणाऱ्या कारखान्यांनीं जाहिरातीसाठीं स्वार पगारावर ठेविले होते. ज्या सायकलवर बसून गान्ना जिंकतो ती आपणही घ्यावी, असें गिऱ्हाइकास वाटावें, एवढाच मूळ हेतु. म्हणजे ह्या पथकांचा जन्म कांहीं उदात्त भावनेंतून झाला नाहीं, दुकानदारींतून झाला. तरी पण दुकानदारीच्या पोटीं जन्मलेल्या गोष्टींतूनही कधीं कधीं माणुसकीचा चांगला धडा बाहेर येतो.

पुढच्या वर्षीं, १९१० सालीं, आताला पथकाचे गालेत्ती, पावेझी व गान्ना हे पहिले, दुसरे व तिसरे आले. एकाच पथकानें पहिल्या तिन्ही जागा घेतल्या, तेव्हां प्रश्न निघालाच असेल कीं, हा विजय एका गालेत्तीचा कीं पथकाचा? तो कोणीं कसा विचारला हें सोडून द्या. आयोजकांनीं १९१२ सालीं जें केलें तें मात्र नोंदीवर आहे. त्या वर्षीं त्यांनीं वैयक्तिक क्रम अजीबात काढून टाकला. शर्यत फक्त पथकांची; प्रत्येक पथकांत चौघे; जिंकावयाचें तें पथकानें. आतालाचे चौघे होते गान्ना, कार्लो गालेत्ती, एबेरार्दो पावेझी आणि जोव्हान्नी मिकेलेत्तो. शर्यतीच्या मध्येंच गान्नास ती सोडावी लागली. उरलेल्या तिघांनीं ती पुरी केली व आताला पथक जिंकलें. वेळेचा हिशेब केला असता तर गालेत्ती सर्वांच्या पुढें होता. परंतु तो हिशेब त्या वर्षीं करावयाचाच नव्हता. जिरोच्या विजेत्यांच्या यादींत १९१२ सालासमोर आजही एका मनुष्याचें नांव नाहीं. तेथें पथकाचें नांव आहे. आणि त्या पथकाचे स्वार कोण, असें विचारलें तर इटलीचे लोक चौघे सांगतात, तिघे नव्हेत. अर्ध्यावर उतरलेला गान्ना त्यांत आहे.

हा प्रयोग पुन्हां झाला नाहीं. १९१३ पासून शर्यत परत वैयक्तिक झाली. लोकांस एक चेहरा लागतो, एका गळ्यांत हार घालावासा वाटतो, हें खरें. तरीही एकदां कां होईना, त्या देशानें हा हिशेब असा मांडून पाहिला.

पुढें पथकें मोठीं झालीं व त्यांत नायक आणि अनुचर अशी विभागणी झाली. अनुचरास इटालियन भाषेंत ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, आणि ‘ग्रेगारियस’ म्हणजे रोमन सैन्यांतला साधा शिपाई. नायकासाठीं वारा फोडणें, पाण्याच्या बाटल्या आणून देणें, त्याचें चाक पंक्चर झालें तर आपलें काढून देणें, तो मागें राहिला तर थांबून त्यास पुढच्या घोळक्यापर्यंत ओढीत नेणें, हें ग्रेगारिओचें काम. त्याचा स्वतःचा क्रम चाळिसावा लागला काय कीं साठावा लागला काय, कोणी विचारीत नाहीं.

ह्या रीतीची परीक्षा १९४० सालीं झाली. आतालाच्या चौघांतला जो पावेझी, तो तोंवर वयस्क होऊन ‘लेन्यानो’ पथकाचा व्यवस्थापक झाला होता. त्याच्या पथकाचा नायक जीनो बार्ताली, दोन वेळ जिरो जिंकलेला. त्याच्या मदतीस पावेझीनें वीस वर्षांचा एक सडपातळ मुलगा घेतला. तो फाउस्तो कोप्पी. दुसऱ्याच टप्प्यांत बार्ताली पडला व बराच मागें गेला. कोप्पीनें पुढें डोंगरांतल्या एका टप्प्यांत आघाडी मिळविली. आतां नायकानें काय करावें? बार्तालीनें, अर्थात् मनांतून फार आनंदानें नव्हे, उरलेल्या डोंगरांतून आपल्याच अनुचरास साथ दिली व कोप्पी जिंकला. ९ जून १९४० रोजीं ती शर्यत संपली. दुसऱ्या दिवशीं इटली महायुद्धांत उतरली. युद्धानंतर हे दोघे निरनिराळ्या पथकांत एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले. कोप्पी मिलानच्या ‘बिआंकी’ पथकांत गेला. ज्यानें एकदां पाठीमागचा वारा दिला त्याच्याशींच पुढें स्पर्धा करावी लागणें, हें केवळ सायकलच्या धंद्यांतच घडतें असें नाहीं.

बिआंकींत कोप्पीचा एक विश्वासू ग्रेगारिओ होता, आंद्रेआ कार्रेआ. जर्मनीच्या बुखेनवाल्ड छावणींतून जिवंत परत आलेला हा मनुष्य. १९५२ च्या फ्रान्सच्या शर्यतींत, जेथें त्या काळीं कारखान्यांऐवजीं देशांचीं पथकें उतरत, तो इटलीच्या बाजूनें कोप्पीबरोबर होता. एका टप्प्यांत पुढें निसटलेल्या घोळक्यावर नजर ठेवण्यासाठीं तो त्यांच्याबरोबर गेला, आणि हिशेब झाला तेव्हां सर्वांत आघाडीवर कार्रेआच निघाला! आघाडीवर असणाऱ्यास मिळणारा पिवळा सदरा त्याच्या अंगावर चढविला गेला. तो रडूं लागला. आनंदानें नव्हे, नायकाच्या हक्काची वस्तु आपण चोरली, असें त्यास वाटलें. कोप्पीनें त्याची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीं आल्प द्युएझच्या चढावर कोप्पी सर्वांच्या पुढें गेला व तो सदरा त्याच्याकडे आला. शेवटीं शर्यतही त्यानेंच जिंकली. कार्रेआनें एवढें रडावयास नको होतें, असें मला प्रत्येक वेळीं वाटतें. सेवा करणें वेगळें, आणि आपणांस कांहींच मिळूं नये असें मानणें वेगळें. परंतु पथक म्हणजे काय, हें त्या माणसास कळलें होतें, ह्यांत शंका नाहीं.

आतां पुन्हां आपल्या मुंबईच्या पथकाकडे वळूं. त्यांनीं मुंबई सोडल्याच्या पुढच्या वर्षीं, १९२४ सालीं, इटलींत एक विलक्षण गोष्ट झाली. मोठ्या पथकांचें व जिरोच्या आयोजकांचें पैशावरून बिनसलें व पथकांनीं शर्यतीवर बहिष्कार टाकला. मग आयोजकांनीं सुट्या स्वारांस बोलाविलें. न नायक, न अनुचर; ज्यानें त्यानें आपलें पहावें. ह्या संधीमुळेंच आल्फोन्सीना स्त्रादा ही बाई त्या शर्यतींत उतरूं शकली. पुरुषांच्या जिरोंत उतरलेली ती एकमेव स्त्री. वाटेंत तिच्या सायकलचें हँडल मोडलें, तेव्हां झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून ती पुढें निघाली. ठराविक वेळेंत पोंचली नाहीं म्हणून तिचा क्रम धरला गेला नाहीं, तरी ती मिलानपर्यंत गेलीच. सुमारें नव्वद निघालेल्यांपैकीं तीसच क्रमांत राहिले. एकट्यानें चालणाऱ्याचें बळ काय व त्याची किंमत काय, हें त्या एका वर्षानें दाखविलें.

मुंबईच्या सहांची स्थिति ह्या दोहोंहूनही निराळी होती. त्यांच्यामागें कारखाना नव्हता, पगार नव्हता, पाठीमागून येणारी मोटार नव्हती, आणि नायकही नव्हता. सहा जण सारखे. अशा पथकांत वारा फोडण्याची पाळी प्रत्येकावर येते. सामान प्रत्येकाचें प्रत्येकाच्या सायकलवर. आणि त्या काळच्या सायकली म्हणजे जड लोखंडी, गियर नसलेल्या. पावसाळ्यांत आपल्या काळ्या मातींतून सायकल आणणाऱ्या मुलांस मी विचारतों: मडगार्डांत चिखल बसला, चाक फिरेना, काडीनें उकरून उकरून बोटें दुखलीं, आणि शेवटीं सायकल खांद्यावर घ्यावी लागली, असें झालें म्हणजे बरोबर दुसरा असणें आणि नसणें ह्यांत किती अंतर पडतें? आणि गांव तर दिसत असतें! मुंबईच्या स्वारांस पुढचें गांव दिसतही नव्हतें.

पंजाब व बलुचिस्तान ओलांडतांना झियारतच्या डोंगरांत त्यांस भर बर्फांतून जावें लागलें. नंतर इराण. तेहरान येथें नरीमान कापडिया घरगुती कारणासाठीं पथकांतून निघाला व परत फिरला. म्हणजे बलुचिस्तानचा बर्फ आणि इराणची वाट हें सहांचें काम. त्यांतला सहावा हिस्सा कापडियाचा. तो कोणास काढून घेतां येणार नाहीं. वाटेंत आजारपण, तहान, उपासमार ह्यांचा प्रसंग आला, तो सहांनीं वांटून घेतला.

पांच जण बगदादेस पोंचले. बगदादपासून सीरियांतील हलब शहरापर्यंत, म्हणजे ज्यास इंग्रजींत अलेप्पो म्हणतात तेथपर्यंत, वाळवंट पसरलेलें आहे. हें ९५६ किलोमीटरांचें अंतर त्यांनीं तेवीस दिवसांत काटलें. प्रखर उष्णता, वाळूचीं वादळें, पाण्याची टंचाई. थोडें गणित करूं. ९५६ भागिलें २३ म्हणजे दिवसास सुमारें साडेएक्केचाळीस किलोमीटर. आणि संबंध प्रवास? निघाल्यापासून परत येईपर्यंत दिवस १,६१६, अंतर ७१,०००, दिवसास सरासरी सुमारें ४४ किलोमीटर. जवळजवळ परभणी ते जिंतूर! गान्नाच्या तीनशें किलोमीटरांपुढें हा आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु ह्यांत मुक्कामाचे, आजाराचे, बोटीवरचे सारेच दिवस धरले आहेत. आणि वाळूंतही त्यांचा वेग ह्या सरासरीहून फारसा उतरला नाहीं, हें ध्यानांत घ्या. रोज परभणीहून जिंतूरला जावें, आणि असें साडेचार वर्षें. शर्यतवाल्याची परीक्षा पायांची. ह्यांची परीक्षा स्वभावाची.

पुढें ते बोटीनें भूमध्य समुद्र ओलांडून इटलींत उतरले. रोम येथें मुसोलिनीची भेट झाली. ही भेट सांगणारे पुष्कळ भेटतात. थोर (अथवा थोर म्हणविणाऱ्या) पुरुषाच्या भेटीची बातमी होते. मला विचाराल तर त्या भेटीहून आल्प्सचा चढ अधिक सांगण्याजोगा आहे, कारण तो त्यांनीं आपल्या पायांनीं चढला. युरोप ओलांडून ते इंग्लंडास गेले, आणि तेथून अटलांटिकपार अमेरिकेस.

अमेरिकेंत पथक पुन्हां फुटलें. गुस्ताद हाथीराम यास तो देश आवडला व त्यानें तेथेंच राहावयाचें ठरविलें. त्याच्या जाण्यानें केकी पोचखानावाला ह्याचें मन मोडलें, व तोही न्यूयॉर्कहून मायदेशीं परत आला. ह्या दोन ओळी वाचतांना मी नेहमीं थांबतों. पाय थकले म्हणून पोचखानावाला परतला नाहीं. बर्फ, वाळवंट व आल्प्स ह्यांतून त्याचे पाय गेले होते. मित्र गेला म्हणून तो परतला. पथक म्हणजे नुसती माणसांची संख्या असती, तर पांचांतून एक गेला तरी चार उरतात. परंतु माणसें अशीं मोजतां येत नाहींत. तुमच्यापैकीं कोणी त्यास दुबळा म्हणेल. मी म्हणणार नाहीं. तसेंच हाथीरामासही दोष देणार नाहीं. जगाची प्रदक्षिणा करणाऱ्यास जगांतला एखादा कोपरा आपलासा वाटला, तर त्यांत आश्चर्य कसलें? आणि उरलेले तिघे थांबले नाहींत, ह्याचेंही मोल कमी होत नाहीं. उलट पांचांचें ओझें तिघांवर आलें असतां त्यांनीं तें नेलें.

अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा, तेथून बोटीनें जपान, मग कोरिया, यादवी व लुटारू ह्यांनीं गांजलेला चीन, पुढें व्हिएतनाम, कंबोडिया, सयाम, ब्रह्मदेश, आणि आसामकडून हिंदुस्थान, असा त्यांचा उरलेला मार्ग. ह्या भागांतील जंगलांची व वाटांची हकीकत त्यांच्या पुस्तकांत मुळांतूनच वाचावी.

मुंबईहून ह्यानंतर आणखीही सायकलस्वार गेले. त्यांतील फ्रामरोझ दावर ह्याची गोष्ट तर अगदीं उलट्या क्रमाची आहे. तो १९२४ च्या जानेवारींत एकटाच निघाला, वय तीस, धंदा क्रीडा-वार्ताहराचा. व्हिएन्ना येथें त्यास गुस्ताव स्तावजानिक नांवाचा ऑस्ट्रियन तरुण भेटला, व दोघांचें असें जुळलें कीं पुढें कित्येक वर्षें ते बरोबर फिरले: सहारा वाळवंट, अँडीज पर्वत, ॲमेझॉनचें अरण्य. दावर १९३१ सालीं परत आला तेव्हां सुमारें १,१०,००० किलोमीटर प्रवास झाला होता. पहिल्या पथकांत सहांचे तीन झाले. येथें एकाचे दोन झाले. त्यानंतर केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे तिघे १९३३ सालीं निघाले आणि १९४२ सालीं, जग पेटलेलें असतां, परत आले. त्यांचा प्रवास सुमारें ८४,००० किलोमीटरांचा. हे सर्व लोक बराच काळ विस्मृतींत गेले होते. अलीकडे गोव्यांतील अनूप बाबाणी व सावि‍या व्हिएगस ह्यांनीं त्यांची माहिती व छायाचित्रें परिश्रमपूर्वक गोळा करून पुन्हां लोकांपुढें मांडलीं, म्हणून आपण आज त्यांविषयीं बोलूं शकतों.

विजेत्यांखेरीज इतरांची नोंद ठेवण्याची इटलीची आणखी एक तऱ्हा सांगतों. ती गमतीची आहे. १९४६ ते १९५१ पर्यंत जिरोंत सर्वांत शेवटीं असणाऱ्यास काळा सदरा देत असत. लुईजी मालाब्रोका नांवाच्या गृहस्थानें तो दोनदां मिळविला. लोक त्याजवर इतके खूष कीं त्यास भेटी मिळूं लागल्या. मग तो कोठें लपून बसून मुद्दाम वेळ घालवूं लागला! अर्थात् क्रीडादिनीं हा मार्ग कोणीं धरूं नये. परंतु शेवटचा कोण, हें एका राष्ट्रास ऐंशीं वर्षांनंतरही आठवतें, एवढें मात्र खरें.

आतां तुमच्यासाठीं एक काम. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे. भूगोलाच्या तासास सहा रंगांचे सहा दोरे आणा, व प्रत्येकास एकेकाच्या नांवाची चिठ्ठी बांधा. मुंबईस टांचणी टोंचून सहाही दोरे एकत्र न्या. पंजाब, बलुचिस्तान, इराण. तेहरानास कापडियाचा दोरा थांबवा, परंतु तोडूं नका. तो तेथून मुंबईस परत आणा. पांच दोरे बगदाद, हलब, इटली, इंग्लंड असे करीत न्यूयॉर्कपर्यंत जाऊं द्या. हाथीरामाचा दोरा अमेरिकेंतच टोंचून ठेवा. पोचखानावालाचा न्यूयॉर्कहून मागें वळवून घरीं आणा. उरलेले तीन पॅसिफिक महासागरावरून जपान, चीन, ब्रह्मदेश असे फिरवून मुंबईच्या त्याच टांचणीस बांधा. काम पुरें झालें म्हणजे त्या टांचणीस किती गांठी पडल्या, त्या मोजून मला सांगा.